चार वाजून बारा मिनिटांचं फिनलंड

जठारपेठेतल्या आमच्या घराला खाली दोन खोल्या आणि वर एक. खालच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो असं म्हणायची पद्धत होती. प्रत्यक्षात तिथे झेंडू राहायचा. बार्शीटाकळीजवळच्या शेतातून बाबांचे थोरले भाऊ सकाळच्या गाडीने ओल्या पोत्यांमधून झेंडू, शेवंती आणि निशिगंध पाठवायचे, आणि पोती उघडली की पाय ठेवायला जागा उरायची नाही. आई आणि मी भिंतीला टेकून हार ओवायचो, बाबा ते सायकलला लटकवून दुकानात न्यायचे. सणावाराला चूल पेटवण्याआधी आईला चुलीवरची फुलं बाजूला करावी लागत. आमच्याकडे भाकरीलाही झेंडूचा वास यायचा. एखादा पाहुणा तसं बोललाच, तर आई त्याच्या ताटात ठेचा वाढत शांतपणे विचारायची, "मंग गुलाबाचा कोठून येईन?"

वरची खोली बाबांची. तिथे फूल न्यायला बंदी होती. एक टेबल, त्यावर वायरलेसचा जपानी सेट, भिंतीवर चौकटीत घातलेला सरकारी परवाना, आणि खिडकीतून बाहेर गेलेली तार, जी गच्चीवरून निघून शेजाऱ्यांच्या शेवग्याच्या झाडाला बांधलेली होती. बाबा हौशी रेडिओवाले होते. म्हणजे काय, ते मला शाळेत दरवर्षी नव्या बाईंना समजावून सांगावं लागायचं. परीक्षा देऊन परवाना मिळवायचा आणि घरून बिनतारी यंत्राने जगातल्या तशाच दुसऱ्या माणसांशी बोलायचं. त्यातून धंदा करायचा नाही, राजकारण बोलायचं नाही, भांडायचं नाही. एवढं सगळं वगळल्यावर हवापाणी उरतं. बाबा वीस वर्षं हवापाणी बोलत होते. तरुणपणी मूर्तिजापूरच्या स्टेशनावर फुलांची पोती घेऊन गाडीची वाट पाहताना तिथल्या तारबाबूंनी त्यांना मोर्सची लिपी शिकवली होती. गाड्या उशिरा येत, म्हणून लिपी पक्की झाली.

रोज सकाळी साडेसहाला बाबा अमरावतीच्या मास्तरांशी बोलत. मास्तर म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, बाबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. आमच्याकडचा जपानी सेट मूळ त्यांचाच. मी चहा घेऊन वर जायची तेव्हा सेटमधून मास्तरांचा आवाज खरखरीतून वर येत असायचा. "राम राम श्रावण. आज इकडे ढग हायेत. गुडघा दुखून राहिला. तिकडे काय?" मग बाबा तिकडचं सांगत. मी कॉलेजात जायला लागले त्या सुमारास या गप्पांमध्ये काहीतरी बिघडलं. मास्तर विचारत, "पाऊस कसा हाय?" आणि बाबा म्हणत, "हो, ठीक हाय, दुकान चालू हाय." मास्तर क्षणभर थांबत, आणि मग जणू तेच विचारलं होतं अशा थाटात पुढे बोलत. बाबा सेटचा आवाज वाढवत गेले. खाली आईला मास्तरांचा गुडघा किती दुखतो हे बाबांच्या आधी कळायला लागलं. दुकानात कोणी दहा हार मागितले की बाबा दोन द्यायचे आणि गिऱ्हाईक परत आलं की म्हणायचे, "पयले नीट सांगाचं ना." कानाच्या डॉक्टरचं नाव आईने एकदा काढलं. बाबा म्हणाले, "माहे कान चांगले हायेत. लोक आजकाल तोंडातल्या तोंडात बोलतात." त्यानंतर तिने ते नाव काढलं नाही. आमच्या घरात एकदा झालेली चर्चा कायमची झालेली असायची.

एका रविवारी मास्तर एसटीने स्वतः आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला गीला वडा आणि दह्याचा वेगळा डबा, आणि खिशात एक सीडी. मला कॉलेजसाठी घेतलेला संगणक खालच्या खोलीत फुलांपासून वाचवून पलंगावर ठेवला होता. तो आम्ही वर नेला. मास्तरांनी सेट आणि संगणक यांच्यामध्ये एक वायर जोडली आणि सीडीतला कार्यक्रम चढवला. पडद्यावर निळी पट्टी आली आणि तिच्यावरून उजेडाच्या बारीक रेघा हळूहळू खाली सरकायला लागल्या. मास्तर वडा खाता खाता समजावत होते. यात बोलायचं नसतं. आपण लिहिलेला तेरा अक्षरांचा निरोप संगणक सुरांमध्ये पाठवतो, एक मिनिटभर. पुढचं मिनिट ऐकतो. समोरच्याचा सूर गोंगाटाच्या इतका खाली दबलेला असला की माणसाच्या कानाला काही म्हणजे काही लागत नाही, तरी संगणक तो उपसून काढतो. एकमेकांची ओळखखूण, म्हणजे परवान्यावरचं अक्षरं-आकड्यांचं नाव, ठिकाण, सूर किती क्षीण आला त्याचा आकडा आणि रामराम, एवढंच. सहा मिनिटांत संपर्क पूर्ण. वीस वॅटमध्ये, म्हणजे घरातल्या छोट्या बल्बाएवढ्या ताकदीत, युरोप.

बाबा सगळं पडद्याकडे बघत ऐकत होते, किंवा ऐकतोय असं दाखवत होते. मास्तर त्यांच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "श्रावण, यात कोनालेच ऐकू येत नाही."

"मले येते," बाबा म्हणाले.

"तसं नाही म्हनत मी."

"यंत्रानं यंत्राशी बोलाचं. मंग आपुन काय कराचं? चहा प्याचा?"

"हो," मास्तर म्हणाले. "मी तेच करतो."

बाबांनी वायर काढून मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी ती टेबलावरच राहू दिली. जाताना जिन्यात मला म्हणाले, "वायर कोठी लावाची ते पाहून ठेवलं ना बेटा?" मी मान हलवली. आजही मला वाटतं की पुढच्या सगळ्याला थोडे मास्तरही जबाबदार होते, पण हे मी त्यांना कधी म्हणाले नाही.

दुपारी बाबा दुकानात असायचे. पहिल्या दिवशी मी फक्त ऐकलं. या पद्धतीत सगळं मिनिटाच्या ठोक्यावर चालतं, त्यामुळे संगणकाचं घड्याळ सेकंदाला बरोबर असावं लागतं, आणि आमच्याकडे तेव्हा इंटरनेट नव्हतं. मग आईच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर बातम्यांआधी जे टोले पडतात, त्यातल्या शेवटच्या टोल्याला आईने खालून "आता!" म्हणून ओरडायचं आणि मी वर बटण दाबायचं, असं ठरलं. आईला हे काय चाललंय ते कळत नव्हतं, पण वेळ सांगायचं काम तिने कढीला उकळी येऊ न देण्याइतक्या गंभीरपणे केलं. सेटमधून ते सूर निघाले तेव्हा मात्र ती हातातलं उलथणं घेऊन वर आली. "काय व, हे कोन रडून राहिलं?" मी म्हटलं, इटली. "बिचारं," ती म्हणाली आणि खाली गेली.

चौथ्या दिवशी फिनलंडमधला एक जण मिनिटामागून मिनिट हाक देत होता आणि त्याला कोणी उत्तर देत नव्हतं. मी बाबांची ओळखखूण टाईप केली आणि पाठवायचं बटण दाबलं. परवाना बाबांचा. माझ्याकडे फक्त ग्रंथालयाचं कार्ड होतं. दुपारचे चार वाजून बारा मिनिटं झाली होती. पुढचं मिनिट मी पडद्यावरचे सेकंद मोजले. मग पडद्यावर एक ओळ उमटली. त्यात बाबांची ओळखखूण होती आणि पुढे उणे एकवीस हा आकडा. म्हणजे अकोल्यातून निघालेलं काहीतरी फिनलंडमध्ये गोंगाटाच्या खाली एकवीस पायऱ्या उतरून सापडलं होतं. मी उठून खिडकीतून शेवग्याकडे पाहिलं. त्याच्यात काही फरक नव्हता. त्या पंधरवड्यात मी असे अकरा संपर्क केले आणि बाबा आपले संपर्क जिच्यात नोंदवत त्या वहीच्या अगदी मागच्या पानावर लिहून ठेवले. दर वेळी वाटायचं, हा शेवटचा.

(आता हे सगळं पंधरा-पंधरा सेकंदांच्या तुकड्यांत होतं. माझ्या पुतण्याचा संपर्क मिनिट-दीड मिनिटात संपतो. चहा प्यायलासुद्धा वेळ मिळत नाही, मग यात मास्तरांचं समाधान कसं झालं असतं कोण जाणे.)

हौशी रेडिओवाले संपर्क झाला की एकमेकांना पोस्टाने कार्ड पाठवतात, हे मला माहीत होतं. बाबांच्या टेबलाखाली दोन बुटांचे खोके भरून अशी कार्डं होती. तरी माझ्या डोक्यात ते आलं नाही. महिन्याभराने पोस्टमनने दुकानातच बाबांच्या हातात पाकीट दिलं. आत बर्फातल्या लाल घराचं चित्र असलेलं कार्ड. मागे बाबांची ओळखखूण, तारीख, आंतरराष्ट्रीय वेळ, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे चार वाजून बारा, आणि खाली पेनने दोन ओळी. पाठवणाऱ्याचं नाव पेक्का, धंदा सुतारकाम, आणि या पद्धतीत त्याला भेटलेला हा पहिला भारत होता, त्याबद्दल आभार.

बाबांना माझा संशय आला असता तर सोपं झालं असतं. तो त्यांना शिवलाही नाही. त्यांच्या लेखी परवान्याशिवाय बटण दाबणं ही गोष्ट घडूच शकत नव्हती, म्हणजे बटण त्यांनीच दाबलेलं असणार. संध्याकाळी त्यांनी वहीची पानं उलटून पाहिली, पुढची, लिहिलेली. नोंद नव्हती. त्यांनी आईला विचारलं, "त्या दिशी दुपारी मी घरी आल्तो का?" आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मले काय मालूम, मी भाजी निवडून राहिल्ते." त्यांना ते ऐकू आलं नसावं, पण नकार कळला. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सेट लावला नाही. जेवताना आईला म्हणाले, "दुकानाचं आता तू पाहत जा. मी दादाच्या हाताखाली वावरात जातो." आईने वाढता हात थांबवला. "कावून?" बाबा भाकरी मोडत राहिले. "कान तं कान, आता ध्यानातही राहत नाही," एवढंच ते म्हणाले, तेही ताटाला.

मी दुपारी त्यांचा डबा घेऊन दुकानात गेले. ते समोर टपरीवर पाणी भरायला गेले होते. गल्ल्याच्या वर लटकलेल्या कॅलेंडरच्या चौकोनांमध्ये त्यांनी पेन्सिलने बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं. आठला उघडलं. दहाला देवळाचे हार दिले. बाराला जेवलो. चारला इथेच. मागच्या चौकोनातही तसंच. चारला इथेच. त्याच्याही मागच्या. माणूस स्वतःवरच पाळत ठेवून होता. चोपन्न वर्षांचे होते बाबा. मी डबा स्टुलावर ठेवला आणि घरी पळत आले. रडत नव्हते. मला पुढचं वाक्य जुळवायचं होतं आणि ते जुळत नव्हतं.

संध्याकाळी ते वरच्या खोलीत कार्ड हातात घेऊन बसले होते. मी दारात उभी राहिले.

"बाबा, ते मी केलं."

"काय?"

"फिनलंड मी केलं!"

"फिनाईल? कोठी सांडलं?"

"सांडलं नाही! मी बटन दाबलं! तुमच्या नावानं! तुमी दुकानात होते!"

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, काळजीने, जसं तापातल्या माणसाकडे बघतात. मी अजून जोरात ओरडले. समोरच्या घरातल्या काकू ओट्यावर आल्या. "काय झालं व ज्योती? कोनाच्या नावानं काय दाबलं?" आई जिना चढून आली आणि वरच्या पायरीवर थांबली. गल्लीतल्या निम्म्या लोकांना माझा गुन्हा कळला होता. ज्यांना सांगायचा होता, तेवढे सोडून.

मग मी टेबलावरची वही ओढली. त्या वहीत बाबा खोटं काही लिहीत नसत. संपर्क अर्धवट राहिला तर 'अर्धवट' लिहीत. मी शेवटच्या नोंदीखाली तारीख लिहिली, वेळ लिहिली, पेक्काची ओळखखूण लिहिली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'ज्योतीने केला. परवाना नसताना. बाबा दुकानात होते. असे अकरा.' आणि वही त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. एकदा वाचलं. बोट ओळीवर ठेवून परत वाचलं. 'बाबा दुकानात होते' इथे बोट बराच वेळ थांबलं. मी मार खायच्या तयारीत होते. वीस वर्षांत त्यांनी मला मारलं नव्हतं, पण वीस वर्षांत मी असं काही केलंही नव्हतं. बाबांनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि म्हणाले, "एवढं कावून ओरडून राहिली? मले ऐकू येत नाही. लिहून दिलं असतं तं मघाच समजलं असतं."

आई वरच्या पायरीवर बसली. इतक्या वर्षांत 'ऐकू येत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं, आणि आलं ते इतर काहीतरी सांगताना, वाटेत.

शिक्षा दुसऱ्या दिवशी सुरू झाली. लायसन माझं नाही, सरकारचं आहे, बाबा म्हणाले, मी फक्त सांभाळतो. अकरा जणांना अकरा पत्रं, इंग्रजीत, माझ्या हाताने. तुमचा संपर्क परवानाधारकाशी झाला नव्हता, त्याच्या मुलीने अनधिकाराने केला, कृपया तो खोडावा. खाली बाबांची सही. पेक्काचं कार्ड त्याच्या पत्रासोबत परत गेलं, आणि ते पाकिटात घालताना बाबांनी बर्फातलं लाल घर एकदा उलटसुलट करून पाहिलं. वायर कपाटात गेली. मी परवान्याच्या परीक्षेला बसणार हेही ठरलं. मला विचारण्यात आलं नाही.

अकरांपैकी सात जणांची उत्तरं आली नाहीत. तिघांनी बरं म्हटलं. पेक्काने पत्र लिहिलं. त्याने संपर्क खोडला होता. पण त्याला भारत हवा होता. म्हणून त्याने एक रविवार सुचवला होता, तीच वेळ, तीच पद्धत, आणि या वेळी परवानाधारक स्वतः टेबलाशी असेल तर बरं होईल असं अगदी नम्रपणे लिहिलं होतं. बाबांनी ते पत्र दोन दिवस शर्टाच्या खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी कपाटातून वायर काढली आणि मला म्हणाले, "कोठी लावाची ते दाखव. हात लावू नको."

त्या रविवारी दुकान चारच्या आत बंद झालं, असं दसऱ्याला फुलं संपली तरी कधी होत नसे. आईने रेडिओ वर आणला. टोले बाबांना ऐकू येणार नव्हते, म्हणून ती दारात हात वर करून उभी राहिली आणि शेवटच्या टोल्याला तिने हात खाली टाकला. बाबांनी घड्याळ लावलं. पेक्काची रेघ निळ्या पट्टीवर इतकी पुसट आली की मला ती दिसलीच नाही. बाबांना दिसली. वीस वर्षं खरखरीतून शब्द वेचलेल्या माणसाचं लक्ष होतं ते, कानातून डोळ्यांत आलेलं. त्यांनी एका बोटाने, एकेक कळ शोधत, उत्तर टाईप केलं. मग पाठवायचं बटण दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मिनिटभर सूर निघाले. मिनिटभर शांतता. या वेळी उणे तेवीस. सहाव्या मिनिटाला पेक्काचा रामराम आला. बाबांनी वहीत नोंद केली, शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला, आणि म्हणाले, "चहा टाक." हे त्यांनी आईला म्हटलं की मला, यावर आम्ही दोघी जिन्यात भांडलो, कारण दोघींनाही तो करायचा होता.

पुढच्या आठवड्यात बाबा मला घेऊन अमरावतीला मास्तरांकडे गेले. चूक आपल्या सेटवरून झाली ती त्यांना तोंडाने सांगायला हवी, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांच्या घरी शिकवणीचा फळा होता. बाबांनी सगळं सांगितलं, माझं, पत्रांचं, पेक्काचं. मग म्हणाले, "अन् मास्तर, मले तीन-चार वर्सं झाले, नीट ऐकू येत नाही. सकाळी तुमी काय बोलता ते मी अंदाजानं धरतो."

मास्तर उठले, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'मला माहीत आहे.'

"मंग सांगितलं कावून नाही?"

मास्तरांनी खाली लिहिलं, 'सांगितलं होतं. दोनदा.'

"मले ऐकू नाही आलं."

'तेच सांगत होतो,' मास्तरांनी लिहिलं, आणि खडूचे हात झटकले.

बाबा हसले. मोठ्याने, आणि आपण किती मोठ्याने हसतोय हे कळत नसलेल्या माणसासारखे. मास्तरांच्या सूनबाई आतून काय झालं ते बघायला आल्या. निघताना मास्तरांनी कानाच्या डॉक्टरचा पत्ता त्याच फळ्यावर लिहिला आणि मला उतरून घ्यायला लावला. पुढे बाबांनी कानाचं यंत्र घेतलं. त्यातून त्यांना दुकानातली भांडणं ऐकू यायची आणि गोड बोलणं यायचं नाही, अशी त्यांची तक्रार शेवटपर्यंत होती. आता बाबा नाहीत, मास्तरही नाहीत. मी परवाना काढला, तोही एकदा नापास होऊन. पण हे सगळं नंतरचं.

परतीच्या एसटीत आम्हाला मागची सीट मिळाली. बडनेरा गेलं, दोन्ही बाजूंना कपाशी लागली. बाबा खिडकीशी होते. गाडीचा पत्रा इतका वाजत होता की धड कानाच्या माणसालाही काही कळलं नसतं. अचानक ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू दहावीत होती तव्हापासून तुहा आवाज मले साफ असा आलाच नाही. आता कसा हाय? बदलला असंल."

ओरडून सांगितलं असतं तर अख्ख्या गाडीला कळलं असतं, त्यांना नसतं कळलं. मी पर्समधून पेन काढलं, त्यांचा हात ओढून घेतला आणि तळहातावर लिहिलं, 'आईसारखा झालाय म्हणतात.'

त्यांनी तळहात उजेडाकडे धरला. गाडीच्या धक्क्यांनी अक्षरं हलत होती, त्यांनी ती सावकाश वाचली. मग मूठ मिटून घेतली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मंग चांगला हाय."